पाणबुड्यांची भाषा आणि पळसदेवचा कांठ

बारामतीच्या आमच्या जुन्या वाड्यांत मुलांना पोहणें शिकविण्याचा अधिकार थोरल्या काकांचा असे. मळ्यांतील विहिरीवर नेऊन, पाठीस वाळका भोपळा बांधून ते मुलाला पाण्यांत सोडीत आणि कांठावर उभे राहून एकच मंत्र देत: "दम धर! तोंड मीट, दम सोडूं नकोस!" मुटका मारावयाचा असो, सूर मारावयाचा असो, किंवा बुडी घेऊन तळची माती मुठींत आणून दाखवावयाची असो, साऱ्या विद्येचें बीज त्या एका शब्दांत होतें. विहिरीची खोली आमच्याकडे फुटांनीं नव्हे, परसांनीं सांगत. परस म्हणजे सुमारें एका पुरुषाची उंची. आमची विहीर सहा परस. तिचा ठाव ज्यानें घेतला तो त्या उन्हाळ्यापुरता घरांतला भीमसेन ठरे.

गेल्या वैशाखांत धाकट्या बंधूंचा चिरंजीव सुटीस घरीं आला, तेव्हां हा मंत्र मीं त्याला मोठ्या अभिमानानें सांगितला. तो हसून म्हणाला, "काका, आमच्या विद्येंत पहिल्याच दिवशीं सांगतात कीं, दम कोंडलात तर जिवास मुकाल!"

हा मुलगा मालवणजवळ तारकर्लीस जाऊन स्कूबा शिकून आला आहे. तेथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची या विषयाची शिक्षणसंस्था आहे. स्कूबा हा मुळांत शब्दच नव्हे. स्वतःजवळच्या साधनानें पाण्याखालीं श्वास घेणें, अशा अर्थाच्या पांच इंग्रजी शब्दांचीं तीं आद्याक्षरें आहेत. आमच्या दोघांच्या या वादाकडे भाजी निवडीत बसलेल्या काकूंचें लक्ष होतें. ज्या काकांनीं आम्हांला पोहावयास शिकविलें, त्यांच्याच या पत्नी. वय ऐंशीच्या पुढें. माहेर इंदापूर तालुक्यांतील पळसदेव. पण हल्लीं रस्त्याकडेला आहे तें पळसदेव नव्हे, खालचें जुनें. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि तें गांव पाण्याखालीं गेलें. त्या मुलाला म्हणाल्या, "समुद्राच्या तळाशीं जाऊन येतोस म्हणतोस, मग एकदां आमच्या ओटीवर जाऊन येशील का रे? उंबऱ्याला पितळी फुलें होतीं. आहेत कीं नाहींत, एवढें सांग."

चेष्टेचा प्रश्न नव्हता तो. आम्हांपैकीं कोणालाच लगेच उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे मोटार काढून आम्ही तिघें भिगवणमार्गें निघालों.

उसाचे मळे, साखर कारखान्याचीं धुराडीं, मग भिगवणची माशांची बाजारपेठ. हा रस्ता पुष्कळांच्या परिचयाचा आहे. कुंभारगांवकडील उथळ पाण्यांत रोहित पक्षी पाहण्यासाठीं हिवाळ्यांत गर्दी होते, पण काकूंना पक्ष्यांत गोडी नव्हती. त्यांची नजर सारखी डाव्या हाताच्या पाण्याकडे. उजनीचा हिशेब इकडे मोठा चमत्कारिक आहे. जलाशयांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें, त्यांतील ६३ हून अधिक "मृत साठा" म्हणून धरलेलें. त्यामुळें उन्हाळ्यांत वर्तमानपत्रें "उजनी उणे इतके टक्के" असें छापतात आणि परक्या माणसास कळत नाहीं कीं, पाणी उणें कसें असूं शकेल! काकूंना मात्र तें पुरतें कळतें. उणे आंकडा वाढला कीं पळसनाथाचें शिखर वर येतें, आणि शिखर वर आलें कीं माहेर जवळ आलें.

आम्ही पोंचलों तेव्हां शिखर पाण्याबाहेर होतें. भोंवतीं हिरवट, गढूळ पाणी. कांठाशीं भेगाळलेला गाळ. काकूंनीं छत्रीच्या टोंकानें दाखविलें: तिकडे वेस, तिकडे घाट, आणि शिखराच्या डाव्या अंगाला, आतां नुसत्या लाटा हालत होत्या तेथें, आमचा वाडा. मुलगा बराच वेळ पाहत राहिला. मग तेथेंच एका दगडावर बसून त्यानें आजीला आपल्या विद्येचे शब्द एकेक करून सांगितले. तिला नाहीं म्हणावयाचें तर कारणें सांगितलींच पाहिजेत, असें त्याला वाटलें असावें.

आरंभ दमापासून झाला. विहिरींत उडी घेणारा वरची हवा छातींत भरून जातो. सहा परसांवर, म्हणजे तेहतीस फुटांच्या आसपास, पाण्याचा दाब भर पडून एकंदर दाब दुप्पट होतो व ती हवा निम्म्या जागेंत मावते; वर येतांच ती पुन्हां पहिल्याएवढी होते, अधिक नव्हे. म्हणून काकांचा मंत्र खोटा नव्हता. पण पाठीवरची टाकी घेऊन उतरलेला मनुष्य तळाशीं असतांनाच श्वास घेतो. तो भरलेला श्वास कोंडून वर आला, तर तीच हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटतें. म्हणून त्या विद्येंत श्वास अखंड चालूं ठेवावयाचा.

हा श्वास तोंडाशीं पुरविणारी झडप म्हणजे रेग्युलेटर. टाकींतील दाबून भरलेली हवा ती त्या त्या खोलीच्या दाबाला आणून, मागाल तेवढीच देते. १९४३ सालीं फ्रान्समध्यें कूस्तो हा आरमारी अधिकारी आणि गान्यां हा इंजिनियर यांनीं ती सिद्ध केली. युद्धांत पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवीत, त्या गॅसच्या झडपेवरून गान्यांनें ही कल्पना घेतली. टाकींत प्राणवायु असतो ही समजूत मात्र चुकीची. असते ती आपली साधी हवाच. निव्वळ प्राणवायु थोड्याच खोलीवर विषासारखा बाधतो.

कानाची गोष्ट काकूंना फार आवडली. उतरतांना पडद्यावर दाब येऊन कान दुखूं लागतो. तेव्हां नाक चिमटींत धरून हलकेंच फुंकावयाचें, म्हणजे आंतबाहेरचा दाब सारखा होतो. याला ते इक्वलाइज करणें म्हणतात. "अर्धा प्राणायाम झाला कीं रे," काकू म्हणाल्या. बॉयन्सी म्हणजे पाण्याची वर उचलण्याची शक्ति. भोपळा ती वाढवितो, कमरेचें शिसें ती मारतें, आणि अंगांतल्या जाकिटांत हवा भरून अगर सोडून पाणबुड्या असा तोल साधतो कीं तो तरंगतही नाहीं व बुडतही नाहीं. बडी म्हणजे जोडीदार. त्याच्यावांचून उतरावयाचें नाहीं. एकट्यानें विहिरीवर जाऊं नये, हा आमच्या घरचा नियम निदान येथें तरी टिकला म्हणून मला बरें वाटलें!

मग त्याचा आवाज जरा उतरला. बेंड्स या शब्दाचा अर्थ वांकणें. खोल पाण्यांत हवेंतील नायट्रोजन रक्तांत मुरतो. सोड्याची बाटली एकदम उघडावी तसा, मनुष्य घाईनें वर आला तर तो बुडबुडे होऊन बाहेर पडतो, आणि सांध्यांच्या वेदनांनीं माणूस दुमडतो. कधीं पांगळाही होतो. पुलांच्या पायांसाठीं दाबाच्या हवेंत काम करणाऱ्या मजुरांनीं हें पूर्वींच भोगलें होतें. हॉल्डेन नांवाच्या शास्त्रज्ञानें बकऱ्यांवर प्रयोग करून, कोणत्या खोलीवरून किती सावकाश वर यावें याचीं कोष्टकें १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं. आजही पाणबुडे वर येतांना पांच मीटरांवर तीन मिनिटें थांबतात. तो सेफ्टी स्टॉप. तारकर्लीहून परततांना आमचा चिरंजीव एक दिवस मुक्काम करूनच घाट चढतो, तो याच भयानें, कारण उंचावर हवा विरळ होते. उजनीचा भरलेला जलाशयही समुद्रापासून सुमारें ४९७ मीटर उंच. तीनशें मीटरांच्या वर गेलें कीं समुद्रावरचीं कोष्टकें जशींच्या तशीं चालत नाहींत.

"आणि शेवटचा शब्द व्हिजिबिलिटी," तो म्हणाला. "पाण्यांत किती दूरवर दिसतें तें. आजी, येथें पसरलेला हात दिसावयाचा नाहीं. पुणें-पिंपरीचें सांडपाणी नद्यांतून येथेंच येतें. खालीं गाळ, पडक्या भिंती, कोळ्यांचीं तुटकीं जाळीं. जाळ्यांत पाय अडकला तर जोडीदारालाही कळणार नाहीं."

काकू कांहीं बोलल्या नाहींत. मला मात्र २०२४ चा मे महिना आठवला. त्या महिन्याच्या २१ तारखेस सायंकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगांवाहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यांत याच जलाशयांत उलटली. सातांपैकीं एकजण पोहून कांठास लागला, सहाजण बुडाले. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचीं माणसें शोधास उतरलीं. सर्वांचे देह हातीं येण्यास २३ तारीख उजाडली. एरवीं होडींतून हौसेनें फिरणाऱ्यांना हें पाणी किती खोल, किती आंधळें आहे, याची कल्पना नसते. आमच्या विहिरीचे परस आम्हांला पाठ होते. दाराशीं आलेल्या या समुद्राचे किती, हें भोंवतालच्या शाळांतून एकाही मुलास कोणी सांगतें कीं नाहीं, कोण जाणे.

मुलानें आजीला हसविण्यासाठीं खुणा दाखविल्या. पाण्याखालीं बोलतां येत नाहीं, म्हणून सारें हातांनीं. आंगठा व तर्जनी जुळवून केलेलें वर्तुळ म्हणजे "ठीक आहे". "ही तर ज्ञानमुद्रा," मी म्हणालों. आणि नुसता आंगठा वर केला, तर त्याचा अर्थ "छान" असा नव्हे; त्याचा अर्थ "वर चला". नवखा मनुष्य आनंदानें आंगठा दाखवितो आणि शिक्षक त्याला मुकाट्यानें वर घेऊन येतो.

ऊन चढूं लागलें. काकूंनीं बरोबर आणलेली खण-नारळाची ओटी कांठावरच ठेवली. नारळ पाण्यांत सोडून येतों म्हणून मुलानें तो उचलला, चपला काढल्या व गाळांतून पुढें गेला. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत पाणी आलें. नारळ सोडल्यावरही तो परतेना. पाण्यांत हात घालून, शिखराच्या डाव्या अंगाकडे पाहत उभा राहिला. मी हांक मारणार तोंच काकूंनीं मला थांबविलें. तो मागें वळून पाहीपर्यंत त्या वाट पाहत राहिल्या, आणि त्यानें पाहिलें तेव्हां त्यांनीं छत्री काखेंत धरून उजव्या हाताचा आंगठा सरळ वर केला.

तो मुकाट्यानें कांठावर आला.