यादीआधी थोडं

चि. मुक्ता,


आपल्या मराठी मंडळाने वांशिक समतेसाठी समिती नेमली आणि ती तुझ्याकडे सोपवली, हे कळल्यापासून फार आनंदात आहे. तू वाचनाची यादी मागितलीस. पाठवते, पण ती फेब्रुवारीतल्या कृष्णवर्णीय इतिहास महिन्याच्या एका कार्यक्रमात संपवू नकोस.

सुरुवात जोतीरावांपासून कर. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती कृष्णवर्णीयांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. म्हणजे हा विषय आपल्याला परका नाही. मंडळात कोणी ‘त्यांच्या भांडणात आपण कशाला?’ म्हणालं, तर त्यांना हे सांग.

मग १९२३ चा भगतसिंग थिंड यांचा खटला वाच. हा माणूस पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. तेव्हा परदेशातून आलेल्यांपैकी गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांनाच नागरिकत्व मिळे. त्यांच्या बाजूने युक्तिवाद झाला तो असा, की हे उच्च जातीचे आर्य आहेत, म्हणून यांना गोरे धरा. सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला आणि मिळालेलं नागरिकत्वही अनेक भारतीयांनी गमावलं. निकालापेक्षा मला तो युक्तिवाद जास्त बोचतो. कायदाच अन्यायाचा आहे, असं म्हटलंच गेलं नाही. जातीच्या जोरावर वरच्या पंगतीत जागा मागितली गेली. १९४६ मध्ये कायदा बदलल्यावरही भारतातून येणाऱ्यांचा कोटा वर्षाला अवघा शंभरांचा होता. तो प्रकार १९६५ च्या स्थलांतर कायद्याने मोडला, आणि नागरी हक्कांच्या चळवळीचा रेटा नसता तर तो कायदा झाला नसता. तुझ्या काकांच्या पिढीने कष्ट केले, हे अगदी खरं. पण त्यांना इथे येता यावं म्हणून लाठ्या दुसऱ्यांनी खाल्ल्या होत्या.

आता आपल्या न्यू जर्सीचं. माउंट लॉरेल या गावात कृष्णवर्णीय कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, काही तर दुरुस्त केलेल्या कोंबड्यांच्या खुराड्यांत. त्यांना परवडतील अशी ३६ घरं बांधायची होती. गावाने परवानगी नाकारली. कुठे पाटी लावली नव्हती; मोठ्या प्लॉटवर एकेकटी घरंच हवीत, एवढाच नियम. एथेल लॉरेन्स या तिथल्याच बाईने शेजाऱ्यांसह आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेसह दावा लावला. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गरिबांना बाहेर ठेवण्यासाठी गावाला झोनिंग वापरता येणार नाही. एथेल यांच्या नावाची घरं तिथे उभी राहिली २००० मध्ये. त्या १९९४ सालीच गेल्या होत्या.

हे तपशिलाने लिहिते, कारण आपल्या गावात आज तेच चाललंय आणि त्यात आपली माणसं आहेत. गणपतीच्या आरतीला शेजारी उभे राहणारे लोक प्लॅनिंग बोर्डापुढे जाऊन स्वस्त घरांना विरोध करतात. ट्रॅफिक वाढेल, शाळेचं रेटिंग घसरेल, घराची किंमत पडेल. घरी मात्र हेच लोक मुलांना मार्टिन ल्यूथर किंगवर निबंध लिहायला मदत करतात. त्यांना वाईट म्हणून मोडीत काढू नकोस. त्यांच्यासोबत बसून माउंट लॉरेलचा निकाल वाच.

आणि मंडळाच्या आत बघ. आपल्या वर्षाच्या कार्यक्रमांत संक्रांत आहे, गुढीपाडवा आहे, नाटक आहे. आंबेडकर जयंती नाही. हॉलचे पैसे कुठे जातात, केटरिंग कोणाला मिळतं, कार्यकारिणीत कोणाची नावं सुचवली जातात, हे तुझ्या समितीने विचारलं पाहिजे. विचारताना संबंध ताणले जातील. तरी विचार. मी पाठीशी आहे.

प्लॅनिंग बोर्डाची बैठक येत्या मंगळवारी संध्याकाळी आहे. घरांच्या बाजूने बोलायचं मी ठरवलंय. समितीतलं कोण कोण येतंय ते रविवारपर्यंत कळव, म्हणजे गाड्यांचं ठरवता येईल.

तुझी,
मावशी