माथेरान : टापांच्या वाटेने

थंड हवेच्या ठिकाणांची आपल्या देशात वाण नाही. सिमला, मसुरी, दार्जिलिंग ही नावे घराघरांत परिचित आहेत. परंतु ज्याच्या वेशीवरच मोटारीला थांबावे लागते आणि जेथला बहुतेक व्यवहार शतकाहून अधिक काळ पायांनी, टापांनी व एका चिमुकल्या आगगाडीने चालत आला, असे गाव पाहावयाचे असेल, तर प्रवाशाने पाठीवर पिशवी टाकून माथेरानची वाट धरावी. महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून उभ्या राहिलेल्या डोंगराच्या माथ्यावर हे गाव वसले आहे. माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी नावाची फोड लोक करतात. ती पटण्यासारखी आहे.

मे १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढून आले आणि येथील हवा-पाण्यावर लुब्ध झाले. त्यांनी माथेरान 'शोधून काढले' असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण ठाकर, कातकरी आणि धनगर यांच्या पायवाटा या रानात त्यापूर्वीपासून होत्याच. पुढे मुंबईकरांचे बंगले उठले, बाजार भरू लागला. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पुढाकाराने १९०७ मध्ये नेरळहून वर येणारी दोन फुटी रुळांची आगगाडीही धावू लागली. सुमारे २१ किलोमीटरांचा हा मार्ग घोड्याच्या नालेसारखी वळणे घेत डोंगर चढतो. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तो वाहून गेला, पुन्हा बांधला गेला. २०१९ च्या पावसाने तो पुन्हा खचला. नेरळपासून वरपर्यंतची गाडी सुरू होण्यास ऑक्टोबर २०२२ उजाडला.

पायी जाणाऱ्यास मात्र गाडीची वाट पाहावी लागत नाही. नेरळ स्थानकावर उतरून घाटरस्त्याने चढावे, अथवा अधिक हौस असल्यास भिवपुरीकडून गारबेटच्या पठारावरून यावे. पाठीवरचे ओझे बेताचे असावे : पाण्याची बाटली, थोडी शिदोरी, एक पांघरूण. चढताना पायथ्याच्या वाड्यांतील माणसे भेटतात. आपण जी चढण वर्षातून एकदा हौसेने चढतो, ती ही माणसे कामासाठी रोज चढतात, हे ध्यानात आले म्हणजे आपल्या दमण्याचे कौतुक आपोआप कमी होते.

दस्तुरी नाक्याशी मोटारींचे राज्य संपते. येथून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर आहे. जांभ्या दगडाची तांबडी माती पायांखाली येते, दोन्ही अंगांनी जांभूळ, हिरडा, अंजनी यांची दाट सावली मिळते, आणि एखाद्या वेळी शेंडीवरून शेकरू झेप घेताना दिसते. नाक्यावरच घोडेवाले उभे असतात. दर आधी ठरवावा. फलकावरील दर पाहून ठरवल्यास दोघांच्याही मनात किंतु राहत नाही.

घोड्यावर पूर्वी कधी न बसलेल्यानेही भिऊ नये. डाव्या बाजूने रिकिबीत पाय घालावा, खोगिरावर ताठ बसावे, टाचा खाली ठेवाव्यात. चढणीवर किंचित पुढे झुकावे, उतरणीवर मागे रेलावे. लगाम ओढून धरू नये; जनावराला वाट आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. लुइझा पॉइंटपर्यंतची रपेट संथ चालीने करावी. तेथून दरीपलीकडे प्रबळगडाचा उभा कडा दिसतो. पॅनोरमा पॉइंटवर पहाटे जाणाऱ्यास सूर्योदयाचा लाभ होतो.

आमच्याबरोबर चालणारा घोडेवाला अबोल होता, पण घोड्याचा विषय निघताच तो मोकळेपणाने बोलू लागला. "साहेब, मोटार उभी राहिली तर तेल पीत नाही. हा उभा राहिला तरी चंदी मागतो," तो म्हणाला. त्या एका वाक्यात या धंद्याचे सारे अर्थशास्त्र आले. सुटीच्या दिवसांत चार पैसे गाठीला बांधावयाचे आणि पावसाळ्यात प्रवासी रोडावले की त्यांतूनच घोड्याचे पोट भरावयाचे. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासीच येईनासे झाले, तेव्हा पुढ्यातला तोबरा भरावा कसा हा प्रश्न घरोघरी होता.

माथेरानचे कष्टकरी मूळचे मानी आहेत. याच गावात १९१२ साली एका नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. पुढे ते वकील झाले, शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि बेचाळीसच्या आंदोलनात आझाद दस्ता उभारून त्यांनी वीज वाहून नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात हिराजी पाटलांसह त्यांना वीरमरण आले. भाई कोतवालांचे नाव येथे आजही आदराने घेतले जाते.

२००३ मध्ये केंद्र शासनाने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. मोटारबंदीमुळे येथली शांतता टिकली, हे निर्विवाद. पण त्या शांततेचे मोल कोणी दिले? म्हातारे, आजारी आणि सधन प्रवासी यांना माणसेच हातरिक्षांत बसवून चढणीवर ओढत राहिली. २०२२ च्या अखेरीस प्रायोगिक तत्त्वावर विजेवर चालणाऱ्या रिक्षा आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. शाळेला जाणारी मुले आणि रुग्ण यांनाही निःशब्द चालणाऱ्या या वाहनांचा आधार वाटणे स्वाभाविक आहे. हातरिक्षा ओढणाऱ्याच्या खांद्यावरचे जोखड उतरणे न्याय्यच. परंतु घोडेवाल्याची धास्तीही खोटी नाही. शिवाय टापांनी उखडणारी माती आणि उन्हाळ्यात तिच्याबरोबर उडणारी लिदीची धूळ यांचाही विचार करणे भाग आहे. रानाचे, जनावरांचे आणि माणसांचे हित एकाच वेळी साधावयाचे, अशी ही अवघड चढण आहे.

ती चढण प्रवाशालाही थोडीफार हलकी करता येते. शक्य तेथे पायी चालावे. घोडा करावयाचा तर त्याची पाठ सोलवटलेली नाही ना, हे पाहून घ्यावे आणि एका घोड्यावर दोघांनी बसू नये. कड्याजवळ घोडा पळविण्याचा आग्रह धरू नये. रपेट संपल्यावर ठरलेले पैसे हसतमुखाने द्यावेत आणि मुलांना घोड्याच्या मानेवरून एकवार हात फिरवू द्यावा. ज्या श्रमांवर आपली सहल उभी असते, त्यांची ओळख मुलांना पुस्तकाआधी अशा स्पर्शातून झाली, तर ती अधिक काळ टिकेल.