गन कामाने मरत नाही

दिवाळी अंकासाठी लेख द्या, सामान्य वाचकाला कळेल असं लिहा, असा संपादकांचा निरोप आला. त्याच आठवड्यात बोरी अरबच्या माझ्या दुकानात एक खिळे मारायची गन दुरुस्तीला आली. दारव्ह्याकडचा फर्निचरवाला मिस्त्री, तक्रार एवढीच : "काका, हवा येऊन राहिली, पण खिळा पुरा बसून नाही राहिला." लाकडावर टेकल्याशिवाय खिळा सुटू नये म्हणून गनच्या नाकाशी एक सरकता सेफ्टी-पाय असतो. तो त्याने तारेने मागे बांधून टाकला होता. खिळा बसेना, ते मी तासाभरात ठीक केलं. ती तार मात्र अजून डोक्यातून जात नाही.

गन चालते कशी, ते थोडक्यात. घोडा दाबला की वरची हेड व्हॉल्व्ह उघडते, कॉम्प्रेसरची हवा पिस्टनवर आदळते आणि पिस्टनचं पातं खिळा ठोकतं. खाली जाताना पिस्टनमुळे थोडी हवा बाजूच्या कप्प्यात साठते. घोडा सोडला की तीच हवा त्याला वर आणते. हा सगळा कारभार रबराच्या ओ-रिंगांवर आणि दणका झेलणाऱ्या बंपरवर चालतो. गन वरून फुसफुसली तर हेड व्हॉल्व्हची सील पाहावी, घोड्यापाशी फुसफुसली तर ट्रिगर व्हॉल्व्ह, नाकाकडून फुसफुसली तर बंपर. अर्धं निदान कानाने होतं. हे कसब आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

आता तेलाचं. यावर मी गिऱ्हाइकांशी रोज भांडतो. कोणी मोटारसायकलचं इंजिन ऑइल सोडतो, कोणी खोबरेल, कोणी थिनरने गन धुतो. थिनरने ओ-रिंग फुगते आणि पिस्टन जागच्या जागी अडकतो. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. आपल्याकडच्या पौषातल्या सकाळी ते व्हॉल्व्हमध्ये मेणासारखं बसतं. इंजिन ऑइलमध्ये मळ धुणारी रसायनं असतात, ती सीलसाठी नाहीत. गंज सोडवायचा स्प्रे आतलं चांगलं तेलही धुऊन नेतो. एअर टूलचं तेल घ्या, सकाळी हवेच्या तोंडातून दोन-तीन थेंब सोडा, बस. "तेल ते तेल" हे वाक्य जितक्या गनांना भोवलं, तितके खिळे भोवले नाहीत.

दुसरा वैरी पाणी. पावसाळ्यात ३० अंशांच्या दमट हवेत एका घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. ती हवा ७ बारपर्यंत दाबली की तिची जागा आठव्या हिश्शावर येते आणि ती निवल्यावर तीत जेमतेम ४ ग्रॅम वाफ राहते. बाकीचं पाणी टाकीत उतरतं, तिथून नळीने गनमध्ये. रोज संध्याकाळी टाकीचा खालचा नळ सोडायला एक मिनिट लागतं. ते मिनिट कोणी देत नाही. मग सागवानात खिळा वर राहिला की दाब वाढवतात. जास्तीच्या दाबाने बंपर फुटतो. झिजलेलं पातं आणि गंजलेलं सिलिंडर तसंच राहतं. आणि वेल्डिंगवाल्याच्या ऑक्सिजन सिलिंडरला गन कधीही जोडू नका. तिचा स्फोट होतो.

फॉल सीलिंगवाल्यांच्या गॅसच्या गनला कॉम्प्रेसर लागत नाही. डबीतला गॅस पंख्याने हवेत मिसळतो, ठिणगी पडते, भडक्याने पिस्टन खाली जातो. जळालेला वायू निवून आकसला की पोकळी होते आणि ती पिस्टनला वर ओढते. म्हणून मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना न थांबता खिळे मारले की ती अडते. लोक तिला बिघडली म्हणतात. ती तापलेली असते. जिप्समच्या भुकटीने बुजलेला फिल्टर आणि काजळी यांनीही गन अडते, ती साफ करावी. गॅसची डबी उन्हातल्या गाडीत ठेवू नये. संपलेली डबीही आगीत टाकू नये, कारण गॅसला ढकलणारा वायू तीत उरलेला असतो.

आता त्या तारेचं. पाय बांधला की हात भरभर चालतो, असं मिस्त्री सांगतात. घोडा दाबून ठेवायचा आणि गन टेकवत जायचं, अशा ट्रिगरने अपघाताचा धोका एकेका खिळ्यासाठी घोडा सोडून पुन्हा दाबाव्या लागणाऱ्या ट्रिगरच्या दुप्पट असतो, असं अमेरिकेतल्या ओशा आणि नायॉश या सरकारी संस्थांनी २०११ च्या मार्गदर्शिकेत लिहिलं आहे. तिथे तर पाय जागेवर असतो. पायच बांधला, तर घोड्यावर चुकून पडलेलं बोट आणि खिळा यांच्यात काहीच उरत नाही.

घराचं काम देणाऱ्यांना माझी विनंती आहे. किती दिवसांत संपवाल, हे मिस्त्रीला विचारण्याआधी त्याच्या गनचं नाक पाहा. तार दिसली तर काम थांबवा. माझ्याकडे आलेली अशी गन तार काढल्याशिवाय मी परत देत नाही.