बनारसच्या घाटावर साडीला च्युइंगम चिकटलं तर?

बनारसला निघालेल्या मराठी कुटुंबाची यादी साधारण ठरलेली असते. पहाटेची नौका, विश्वनाथाचं दर्शन, कचोरी-जिलबीचा नाश्ता, संध्याकाळची गंगाआरती आणि परतताना एक तरी बनारसी साडी. घाटावरच्या फोटोंसाठी घरातली ठेवणीतली रेशमी साडीही बॅगेत जातेच. पण या शहरात बसायची जागा म्हणजे दगडी पायरी, नावेची फळी नाहीतर ई-रिक्षाचं सीट. आपल्याआधी तिथे कोण बसून गेलं, हे ठाऊक नसतं. उठल्यावर निऱ्यांना च्युइंगम चिकटलेलं दिसलं, की दिवसभराच्या आनंदावर पाणी पडतं. घाबरून जाऊ नका. बनारसमध्ये अडचण जितकी सहज भेटते, तितकाच सहज तिचा उपायही मिळतो.

घाटावरची बैठक

अस्सी घाटापासून उत्तरेकडे चालत निघालं, की एकामागून एक घाट लागतात. शहरात ८० हून अधिक घाट आहेत आणि त्यातले कितीतरी मराठी माणसाला ओळखीचे वाटतात. अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट ही नावंच सारं काही सांगतात. विश्वनाथाचं मंदिरही अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभारलं. पुढे पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा घाटांच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरं आहेत.

हे सगळं बघत पाय दुखले, की माणूस पायरीवर बसतोच. आरतीच्या वेळी तर दशाश्वमेध घाटावर तासभर आधीच जागा धरावी लागते. म्हणून पिशवीत एक जुनी चादर किंवा पंचा ठेवा आणि तो अंथरूनच बसा. हा उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खात्रीचा.

चिकूच्या झाडाचा चीक

च्युइंगम पाण्याने का निघत नाही, याचं उत्तर आपल्या ओळखीच्या झाडात आहे. पूर्वी च्युइंगम चिकूच्या झाडाच्या चिकापासून बनायचं. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. आपल्याकडे घोलवड-डहाणूला ज्याच्या बागा आहेत, तेच. आता त्या चिकाची जागा बहुतांशी कृत्रिम रबरासारख्या पदार्थांनी घेतली असली, तरी स्वभाव तोच राहिला आहे. पाण्यात विरघळत नाही, उष्णतेने मऊ होतो, थंडीने कडक होतो आणि तेलात सैल पडतो.

म्हणून ऋतूप्रमाणे त्रासही बदलतो. डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्याच्या सकाळी पायरीवरचं च्युइंगम कडकच असतं, कपड्याला फारसं लागत नाही. मे महिन्यात मात्र इथला पारा ४० अंशांच्या वर जातो आणि तापलेल्या दगडावर ते लोण्यासारखं पसरतं. तेव्हा कपडा चोळला किंवा गरम पाण्यात बुडवला, तर ते धाग्यांत आणखी खोल शिरतं. इस्त्री फिरवण्याचा प्रयोगही नकोच.

बर्फ मिळेल लस्सीवाल्याकडे

घाटावरून वर गोदौलिया चौकाकडे आलात, की लस्सी आणि थंडाईची दुकानं दिसतात. उन्हाळ्यात तिथे बर्फ असतोच. कुल्हडमधली लस्सी घ्या आणि चार खडे बर्फ मागून घ्या.

सुती कुर्ता, जीन्स किंवा मुलांची पँट असेल तर :

बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत घालून च्युइंगमवर दहा-पंधरा मिनिटं दाबून धरा.

च्युइंगम कडक झालं, की चमच्याच्या मागच्या बाजूने किंवा जुन्या एटीएम कार्डाने कडेपासून मध्याकडे अलगद खरवडा.

उरलेल्या चिकट भागावर खोबरेल तेलाचे दोन थेंब लावा. पाच मिनिटांनी भांड्याच्या लिक्विड साबणाने धुऊन टाका.

हॉटेलच्या खोलीत फ्रिज असेल, तर कपडा पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात तास-दोन तास ठेवला तरी चालतं.

रेशमाचं गणित वेगळं

साडीला हात लावण्याआधी ती उलटून बघा. च्युइंगम फक्त फॉलला लागलं असेल, तर काळजी मिटली. घरी येऊन फॉल बदलून घ्या.

ते साडीच्या कापडावर असेल, तर तिची वीण समजून घ्यायला हवी. गोदौलियाहून सोनारपुऱ्याकडे जाताना मदनपुरा ही विणकरांची वस्ती लागते. तिथे दुकानदाराला साडीची मागची बाजू दाखवायला सांगा. ‘कढुआ’ प्रकारात प्रत्येक बुट्टा स्वतंत्र विणलेला असतो, त्यामुळे मागे मोकळे धागे जवळजवळ नसतात. ‘फेकवा’ प्रकारात जरीचे धागे मागून एका बुट्ट्याकडून दुसऱ्याकडे जातात. आपली अस्सल पैठणी दोन्हीकडून सारखी दिसते. तिची सवय असलेल्यांना हा फरक चटकन कळतो. या मोकळ्या धाग्यांत च्युइंगम अडकलं आणि ते ओढलं, तर समोरचा बुट्टाच आवळला जातो. कित्येक दिवस, कधी महिने हातमागावर बसून विणलेली साडी एका हिसक्याने बिघडते.

म्हणून रेशमावर बर्फाची पिशवी सुक्या रुमालात गुंडाळूनच ठेवा. थेट पाणी लागलं तर डाग पडतो. जेवढं आपोआप सुटेल तेवढंच काढा. तेल, नेलपॉलिश रिमूव्हर, ब्लीच काहीही लावू नका. ब्लीचने रेशमाचा धागा कमकुवत होतो आणि रसायनांनी जरी काळवंडू शकते. उरलेला भाग घरी परतल्यावर ड्रायक्लीनरला दाखवा आणि डाग च्युइंगमचा आहे, हे सांगायला विसरू नका.

पान खाल्लंत? मग हेही वाचा

बनारसी पानाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बनारसी साडीला ते २००९ पासूनच आहे. या दोघांची गाठ पडू न देणं आपल्या हातात. पानाचा लाल रंग कात आणि चुन्यातून येतो आणि साबणासारख्या अल्कलीने तो आणखी गडद होतो. त्यामुळे इथे बर्फाचा उपयोग नाही आणि साबणाची घाईही नको. पांढऱ्या सुती कपड्यावर डाग पडला, तर आधी गार पाण्याने धुवा, मग त्यावर दही किंवा लिंबाचा रस लावून थोडा वेळ ठेवा आणि त्यानंतरच साबण लावा. रंगीत कपड्यावर आधी आतल्या बाजूला एका कोपऱ्यात लावून बघा. रेशमी साडीवरचा डाग मात्र सुक्या कापडाने फक्त टिपा आणि ड्रायक्लीनरकडे द्या.

नवी साडी घ्यायला जाल, तेव्हा रंग आणि किमतीबरोबर मागची वीणही विचारून घ्या आणि ती जपायची कशी, तेही विणकराकडूनच ऐका. आणि हो, मुलांच्या तोंडातलं च्युइंगम घाटावर उतरण्यापूर्वी कागदात गुंडाळून कचरापेटीत टाकायला लावा. पुढच्या पायरीवर कुणाची तरी आई ठेवणीतली साडी नेसून बसणार असते.