वर्गातील पाहुणे

कोकणातील एका खेड्यात मी शिक्षक होतो. मृगाचा पाऊस सुरू झाला, की शाळेच्या ओसरीवर वाणी किड्यांची रीघ लागे. कोणी त्यांना 'पैसा' म्हणतात. कारण बोट लागताच हा प्राणी अंगाचे वेटोळे करून नाण्यासारखा पडून राहतो. मुले त्यांना केरसुणीने झाडून टाकीत. काही तर चिरडीतही. ज्याची ओळख नाही, त्याची किळस वाटते. म्हणून मी चार वाणी किडे वर्गातच पाळायचे ठरवले.

काचेच्या जुन्या पेटीत आम्ही अर्धी वीत ओलसर माती भरली आणि वर कुजका पालापाचोळा पसरला. झाकणाला भोके पाडली. माती सुकू नये आणि तिचा चिखलही होऊ नये, इतकेच पाणी मुले पाळीपाळीने शिंपडीत. खाण्यासाठी पाचोळा होताच. शिवाय काकडीची फोड आणि कवच बळकट व्हावे म्हणून अंड्याच्या टरफलांचा चुरा ठेवीत.

हाताळण्याचे नियम मी फळ्यावर लिहिले. किडा चिमटीत धरू नये. तळहात पुढे पसरावा, म्हणजे तो आपण होऊन वर चढतो. भ्याला, की तो अंगातून एक द्रव सोडतो. त्याने कातडीवर डाग पडतो आणि डोळ्यांची आग होते. म्हणून डोळ्यांना हात लावू नये. नंतर साबणाने हात धुवावेत. द्रव डोळ्यात गेलाच, तर भरपूर पाण्याने डोळे धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. गोमेला मात्र कधीही हात लावू नये, ती चावते. गोमेच्या शरीराच्या प्रत्येक वलयाला पायांची एक जोडी असते, तर वाणी किड्याच्या बहुतेक वलयांना दोन.

श्रावणात एक किडा मातीत शिरला, तो आठ दिवस दिसेना. मेला असावा, असे मी म्हणालो. तेव्हा मागच्या बाकावरील एक अबोल मुलगी उठली. "गुरुजी, साप कात टाकताना लपून बसतो. हाही तसाच बसला असेल. उकरू नका." मी हसलो आणि काडीने माती उकरली. आत एका पोकळीत तो पांढुरका, मऊ होऊन पडला होता. खरोखरच त्याने कात टाकली होती; नवे कवच अजून घट्ट झाले नव्हते. माझ्या काडीने त्याला जखम झाली. दुसऱ्या दिवशी तो मेला.

वर्गात मी म्हणालो, "मुलांनो, चूक माझी आहे. हिचे ऐकायला हवे होते." कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने ती मुलगी फळ्यापाशी गेली आणि माझ्या नियमांखाली तिने लिहिले : 'मातीत गेलेल्याला उकरू नये.'

पुस्तकांत या प्राण्याला 'सहस्रपाद' म्हणतात. पण हजारांहून अधिक पायांची जात प्रथम नोंदली गेली ती २०२१ साली. ऑस्ट्रेलियातील त्या किड्याला १३०६ पाय होते. आमच्या पाहुण्यांना एवढे पाय नव्हते; पण पडलेल्या पानांचे खत करण्याचे त्यांचे काम मोठे होते. पाऊस सरण्यापूर्वी उरलेले तिघे आम्ही जिथून आणले, तिथेच सोडले. पुढच्या मृगात ओसरीवर पुन्हा रीघ लागली. पण त्या वर्षी मुलांनी केरसुणी उचलली नाही. ती वाकून तळहात पुढे करीत होती.