चाळीस माणसांचा टोप

आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडं ओट्यावर नीट बसत नाही आणि सिंकमध्ये मावत नाही. वर्षातले अकरा महिने ते कपाटाच्या डोक्यावर, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून पालथं घातलेलं असतं. पितळी टोप. किती लिटरचा, ते कुणी कधी मोजलं नाही. आजी त्याला 'चाळीस माणसांचा' म्हणायची आणि तेच त्याचं माप. गणपतीच्या पहिल्या दिवशी त्यात काळ्या वाटाण्याचं सांबार होतं, काठाला चार बोटं सोडून. तेवढं चाळीस जणांना पुरतं आणि कुणी वाढायला दुसऱ्यांदा आलं तर नाही म्हणावं लागत नाही.

टोपाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी एक नाव कोरलेलं आहे. बाईचं नाव, पुढं बापाचं नाव, मग आडनाव. अक्षरं शिकले तेव्हा मी ते बोटानं वाचायचे. आमच्या घरात त्या नावाचं कुणीच नव्हतं. एकदा वाटाणे निवडताना मी आजीला विचारलं, "ही कोण?" तिनं मान वर न करता सांगितलं, "मीच गो ती." लग्नात आजीचं नाव बदललं, आडनाव तर बदललंच. रेशनकार्डावर, पोस्टाच्या पुस्तकात, नंतर तिच्या मृत्यूच्या दाखल्यावरही सासरचंच नाव होतं. तिचं जन्माचं नाव जिथं लिहिलेलं आहे अशी माझ्या माहितीतली जगातली एकच वस्तू म्हणजे हा टोप. बापानं लग्नात दिलेला.

आजोबा गेल्यावर संगमेश्वरकडचं घर बंद झालं आणि १९७१ साली आजी आमच्याकडे मुंबईला आली. येताना तिनं या टोपात गणपतीची समई, ताम्हन, पळी-पंचपात्र आणि आरतीचं तबक भरलं, वरून लुगडं बांधलं आणि एसटीत रात्रभर ते मांडीशी धरून बसली. गावचा गणपती असा घाटकोपरला आला. पंतनगरात हौसिंग बोर्डाच्या इमारतीत आमचं घर होतं: एक खोली, एक स्वयंपाकघर. त्यात आम्ही दोघी बहिणी, आईबाबा, आजी आणि चतुर्थीला बाकी सगळे. लालबागचे काका-काकू आणि त्यांची चार मुलं, डोंबिवलीची मावशी, बोरिवलीची आत्या. बोरिवली आणि आमची बाजू यांच्यामध्ये नकाशावर एक जंगलच काय ते आहे, पण आत्याला दादरपर्यंत खाली यावं लागे आणि पुलावरून गाडी बदलून पुन्हा तेवढंच वर. मांडीवर मूल आणि हातात नारळाची पिशवी घेऊन ती सकाळी नऊला हजर असायची.

एवढी माणसं त्या जागेत कशी मावत होती, हे मला कुणी विचारलं तर मी सांगते, मावत नव्हती. पुरुष गॅलरीत, मुलं जिन्यावर, सामान शेजारच्यांच्या घरात. शेजारच्या तीन बिऱ्हाडांची दारं त्या दिवशी उघडीच असायची. पाट त्यांचे, सतरंज्या त्यांच्या, मोठा स्टोव्हही तळमजल्यावरून आणलेला. रेशनचं रॉकेल आई श्रावणापासून साठवायची.

आणि कल्हई. गणपतीच्या आधी पंधरा दिवस कल्हईवाला इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत बसायचा. जमिनीत खड्डा करून तो कोळसा पेटवायचा आणि त्याचा पोऱ्या भाता मारायचा. आधी टोपात वाळू टाकून, त्यात उभा राहून, भिंतीला धरून तो कमरेपासून गरागरा फिरायचा. पाय हेच घासणीचं काम करायचे. मग टोप निखाऱ्यावर. पुरेसा तापला की चिमूटभर नवसागर. पांढरा धूर उठायचा, नाकात झोंबायचा, आम्ही मुलं मागे सरायचो. त्याच क्षणी तो कथलाची कांडी आतून टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं दोन-तीन झपाट्यांत ती वितळलेली चांदी सगळीकडे पसरायचा. काळवंडलेलं पितळ डोळ्यांदेखत आरसा व्हायचं. शेवटी टोप पाण्यात, चर्र आवाज करत. आजी बोट फिरवून बघायची, डाग राहिला असेल तर तिथल्या तिथं पुन्हा करून घ्यायची. नावावर मात्र ती त्याला काहीही घासू द्यायची नाही.

एका वर्षी कल्हई राहिली. पाऊस थांबेना, कल्हईवाला फिरकला नाही, आणि आईनं मागच्या वर्षीची कल्हई चालेल असं धरलं. सांबार रात्रीच करून ठेवलं होतं, कोकम घालून. सकाळी आजीनं झाकण काढलं, पळीभर तळहातावर घेतलं आणि थुंकून टाकलं. "कळकलं." आंबट पदार्थ उघड्या पितळेत राहिला की कळकतो, कडू हिरवट होतो, तो पोटात जाऊ द्यायचा नाही. सकाळचे दहा वाजले होते, माणसं यायला लागली होती. आई टोपाकडे बघत नुसती उभी राहिली. रडली नाही, पण तिचा पदर तिनं हातात इतका घट्ट धरला होता की मला अजून तो पदरच आठवतो.

आजीनं मला आणि बहिणीला दारोदार पाठवलं. बाराच्या सुमारास वाट्या-पातेली यायला लागली. कुणाकडची वालाची उसळ, कुणाची आमटी, तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकींकडून गोड डाळ, समोरच्या घरातून रसम. त्या दिवशीच्या पंगतीत एका पानावर जे होतं ते शेजारच्या पानावर नव्हतं. जेवल्याशिवाय कुणी परत गेलं नाही.

१९८२ साल वेगळं होतं. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले, आणि त्यांच्यात आमचे लालबागचे काका. गणपती आले तेव्हा संपाला सात महिने झाले होते. काकूनं थोरल्या दोघांना गावी पाठवलं होतं. यावर्षी येत नाही, असा काकांचा निरोप आला, कारण रिकाम्या हातानं कसं यायचं. बाबा काही न बोलता लालबागला गेले आणि चौघांना घेऊनच आले. त्या वर्षी टोप अर्धाच भरला होता. आईनं सांबारात पाणी वाढवलं, खोबऱ्याचं वाटण कमी केलं. सगळ्यांना कळलं आणि कुणीही चवीबद्दल एक अक्षर काढलं नाही. काका गौरी-विसर्जनानंतरही महिनाभर आमच्याकडेच राहिले. संप कधी संपला हे आजही कुणी तारीख घालून सांगू शकत नाही. काका गिरणीत परत गेलेच नाहीत.

आता जे सांगायचं आहे ते मला फार उशिरा दिसलं.

आमच्याकडे आधी पुरुषांची पंगत बसायची, मग मुलांची, मग पाहुण्या बायकांची. आजी, आई, काकू, आत्या यांची पंगत अशी नसायचीच. साडेतीन-चार वाजता, पानं उचलून, फरशी पुसून झाली की त्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायच्या. आजी उरलेला भात सरळ टोपात घालायची. बुडाला आणि कडेला लागलेलं सांबार त्यानं पुसून काढायची, तूप सोडायची आणि कालवून एकेकीच्या हातावर घास द्यायची. आम्ही मुली वासानं आत घुसायचो, आम्हालाही एकेक घास मिळायचा. गार भात, दाट खरपूस वाटण, कुठं एखादा अख्खा वाटाणा. 'टोपातला भात' हे माझ्या लहानपणीचं सगळ्यात आवडतं जेवण. मोदकांपेक्षाही.

मी लग्न होऊन मुलुंडला आले, स्वतः एकदा त्या भिंतीला टेकून बसले, पाय भरून आलेले, आणि घास तोंडात घेतला तेव्हा मला कळलं की या बायका टोपातला भात का खायच्या. दुसरं काही उरलेलं नसायचं म्हणून. ज्या बाईचं नाव त्या टोपावर होतं तिनं त्यातलं गरम सांबार वाफाळत्या भातावर घेऊन, पाटावर बसून, कुणीतरी आग्रहानं वाढतंय असं कधी खाल्लंच नव्हतं. ती १९९१ साली गेली. मी तिला विचारलंही नव्हतं.

बाबा १९९८ मध्ये गेले. आम्ही दोघी मुलीच. गणपती आता डोंबिवलीच्या चुलतभावाकडे जाईल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. बाराव्याला विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, "टोप सासूबाईंच्या माहेरचा आहे. तो माझ्या लेकीकडे जाईल, आणि टोप जाईल तिकडे गणपती." बोलणारे थोडे दिवस बोलले. पुढच्या चतुर्थीला मात्र सगळे मुलुंडला आले, आत्या तर सगळ्यांच्या आधी.

टोपातला भात चव म्हणून मला अजून आवडतो, पण पंगतीचा क्रम बदलायचं धाडस माझ्यात लगेच आलं नाही. ते एका रात्रीनं आणलं, आणि तो सणाचा दिवस नव्हता. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, गाड्या बंद पडल्या, आणि संध्याकाळपासून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेनं माणसं ठाण्याच्या दिशेनं चालत निघाली. आमची इमारत मुलुंड पूर्वेला, हायवेपासून चार मिनिटांवर. कुणी सायनहून चालत आलेलं, कुणी पार फोर्टमधून. चपला हातात, पाय पांढरेफटक. आईनंच म्हटलं, "टोप काढ." इमारतीत एकांकडे कार्याची मोठी शेगडी होती. प्रत्येक घरातून तांदूळ आला, डाळ आली, आणि फाटकापाशी शेडखाली खिचडी शिजली. रात्री अकरापासून पहाटेपर्यंत तीनदा. कुणाच्या हाती ताटली, कुणाच्या हाती वहीचा पुठ्ठा. आधी कोण, मग कोण, हे विचारायला वेळच नव्हता. पहिला घाणा उतरला तेव्हा एका अनोळखी मुलानं, असेल विशीतला, स्वतःची ताटली माझ्या आईपुढं धरली आणि म्हणाला, "आजी, आधी तुम्ही घ्या, तुम्ही केव्हापासून उभ्या आहात." आईनं ती घेतली. चाळीस माणसांच्या टोपातलं गरम अन्न आईनं सगळ्यांच्या आधी खाल्लं, ते आयुष्यात पहिल्यांदा. ती तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होती.

त्याच वर्षीच्या गणपतीत मी जाहीर केलं की पहिली पंगत स्वयंपाकघराची. ज्यांनी सकाळपासून हात लावला ते आधी बसतील, बाकीचे वाढतील. जावईबापूंना आधी, वडीलधाऱ्यांना आधी, अशी थोडी कुजबुज झाली. आईला मी हाताला धरून पाटावर बसवलं. वाढायला माझा नवरा आणि दोन भाचे. त्यांना पळी कशी धरायची इथपासून शिकावं लागलं. आज ते आग्रह करकरून वाढतात.

२०२० मध्ये गणपती २२ ऑगस्टला आले आणि घरी आम्ही तिघंच. आई आदल्या वर्षी गेली होती. सांबार कुकरमध्ये झालं. विसर्जनाला बाहेर जायचं नव्हतं. नवरा बादली धुवायला निघाला, मी टोप खाली काढला. नऊ इंची शाडूची मूर्ती त्यात ठेवली तेव्हा पाणी मुकुटाच्या वर आलं. आधी पायाची बोटं विरघळली, मग सोंड. सकाळी तळाशी मऊ करडा चिखल होता, तो तुळशीत आणि बाल्कनीतल्या कुंड्यांत घातला. टोप एवढा शांत मी कधी पाहिला नव्हता.

माणसं परत आली. आता त्यातली निम्मी नवी आहेत. मुलीचं म्हणणं असतं की केटररला सांग, एवढं कशाला करतेस. तिचं चूक नाही, माझे गुडघे तीही बघते. सगळंच घरी करायला हवं असा माझा हट्ट नाही. वडे बाहेरून येतात, मोदकांतले निम्मे आमच्याच वसाहतीतल्या एका बाईंकडून येतात आणि ते माझ्यापेक्षा सुबक असतात. पण सांबार या टोपातच होईल. पाच-सात माणसं सकाळपासून एका भांड्याभोवती बसून वाटाणे निवडतात, खोबरं किसतात, तेव्हा जे बोलणं होतं ते नंतर जेवताना होत नाही. कोणाची नोकरी गेली, कोणाचं जमत नाहीये, कोणाला गाठ निघाली आहे, हे मला दरवर्षी त्या टोपाशी बसूनच कळलं आहे.

टोपातला भात अजूनही होतो. फक्त आता साडेतीनला भिंतीला टेकून तो खातात ते वाढणारे. गेल्या वर्षी भाच्याच्या पाच वर्षांच्या मुलीनं आत घुसून एक घास घेतला, मग काठावर बोट ठेवून अक्षरं लावायला लागली. मला म्हणाली, "ही कोण?"

मी तिला नाव वाचून दाखवलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. ही माझी आजी, असं सांगितलं.

मुलुंडमध्ये आता कल्हईवाला फिरत नाही. टोप रिक्षानं ठाण्याला न्यावा लागतो, जांभळी नाक्याकडच्या गल्लीत. काल टाकून आले. काठाला हात लावू नका, एवढं त्यांना सांगितलंय. शनिवारी मिळेल.