दैव देतें, कर्म नेतें

मठ्ठ विद्यार्थ्याचा शिक्षकाला सहसा राग येत नाहीं. त्याची कींव येते. क्वचित् त्याच्या चिकाटीचें कौतुकही वाटतें. खरा संताप येतो तो हुशार पण बेशिस्त विद्यार्थ्याचा. कारण त्याच्या अर्धवट उत्तरपत्रिकेंत जें लिहिलें गेलें नाहीं, तेंही आपणांस स्वच्छ वाचतां येत असतें. असे पुष्कळ विद्यार्थी आमच्या हाताखालून गेले. परंतु ज्यानें आम्हांस सर्वांत अधिक छळलें, तो आमच्या वर्गांत कधीं बसलाच नाहीं. तो म्हणजे हॉलंडचा फुटबॉल-संघ.

आमची व या संघाची ओळख १९९० सालची. इटलींतील जागतिक स्पर्धेचे सामने दूरचित्रवाणीवर पाहण्यासाठीं आम्ही तेव्हां मध्यरात्र उलटून जाईपर्यंत जागत असूं. दोनच वर्षांपूर्वीं या संघानें रीनस मिखेल्स यांच्या मार्गदर्शनाखालीं युरोपचें अजिंक्यपद मिळविलें होतें. गुलिट, फान बास्टन व रायकार्ड यांच्या तोडीचें त्रिकूट मिळणें कठीण होतें. आणि पाहावयास काय मिळालें? जर्मनीविरुद्धच्या सामन्याचा अर्धा तासही झाला नव्हता, तोंच रायकार्ड प्रतिस्पर्धी फोलरवर थुंकला. पंचांनीं दोघांनाही मैदानाबाहेर काढलें. आणि हॉलंडचा संघ २-१ असा हरून घरीं गेला.

पुढील इतिहासही याच वळणाचा. १९९६ सालीं युरोपीय स्पर्धा चालू असतांनाच डेव्हिड्स या उमद्या खेळाडूला प्रशिक्षकाशीं झालेल्या बेबनावापायीं घरीं धाडण्यांत आलें. २००० सालीं उपांत्य सामना ॲमस्टरडॅमला, म्हणजे स्वतःच्याच अंगणांत झाला. इटलीचा एक गडी पूर्वार्धांतच बाद झालेला. अशा वेळीं या मंडळींनीं खेळांत दोन व शेवटच्या निर्णयांत चार अशा सहा पेनल्टी मारल्या आणि त्यांपैकीं एकच गोलांत घातली! २०१० च्या अंतिम सामन्यांत तर त्यांनीं आपला खेळच टाकून देऊन दांडगाई पत्करली. डी याँगनें स्पेनच्या अलोन्सोच्या छातीवर लाथ मारली. संघानें नऊ पिवळीं कार्डें जमविलीं. हायटिंगा बाद झाला, आणि मग इनिएस्ताच्या एका गोलानें सारें संपलें.

कांहीं रसिक यावर म्हणतात कीं, प्रतिभा ही स्वैरच असावयाची. तिला शिस्तीचा लगाम घातला कीं ती मेली. आम्हांस हा युक्तिवाद मुळींच मान्य नाहीं, आणि त्याविरुद्धचा पुरावा याच संघानें दिलेला आहे. १९७४ सालीं क्रायफ आणि त्याच्या सोबत्यांनीं ज्या खेळानें जगाला मोहिनी घातली, तो वरवर मुक्त दिसे. पण बचावाचा गडी पुढें धांवला कीं त्याची जागा दुसऱ्यानें तत्क्षणीं भरावयाची, हा त्याचा कणा होता. एकानें हयगय केली कीं सगळी इमारत कोसळावयाची. इतकी कडक शिस्त कवाईतींतही क्वचितच आढळेल! त्या वर्षीच्या अंतिम सामन्यांत जर्मन खेळाडूंचा चेंडूला स्पर्श होण्यापूर्वींच हॉलंडनें पेनल्टी मिळवून गोल केला. पुढें मात्र दुसरा गोल करण्यापेक्षां यजमानांना खेळवून हिणविण्यांतच त्यांना गोडी वाटूं लागली, आणि सामना हातचा गेला. त्यांस बुडविलें तें प्रतिभेनें नव्हे, उन्मादानें.

मग या संघाचा नाद आम्ही सोडीत कां नाहीं? आमचे एक स्नेही जर्मनीचे पक्षपाती आहेत व सुखानें झोंपतात. त्यांना आमचें उत्तर एवढेंच कीं, २०२२ सालचा कतारमधील सामना आठवा. अर्जेंटिना दोन गोलांनीं पुढें होता. त्र्याऐंशीव्या मिनिटास हॉलंडनें एक गोल फेडला. शेवटच्या घटकेस फ्री-किक मिळाली. सर्वांना वाटलें, आतां चेंडू सरळ गोलाकडे येणार. पण कोपमायनर्सनें तो हळूच जमिनीवरून भिंतीच्या आडोशास सरकविला, आणि वेखोर्स्टनें बरोबरी साधली. अशी युक्ति ऐन वेळीं सुचत नाहीं; ती आधीं घटवावी लागते. बुद्धि आणि शिस्त यांचा संगम आम्हांस त्या क्षणीं दिसला. पुढें पेनल्टींवर पराभव झाला, आणि सामना संपल्यावरही भांडत राहून डुमफ्रीसनें लाल कार्ड ओढवून घेतलें, हें ओघानें आलेंच. तरी त्या एका क्षणासाठीं आम्ही पुढच्या खेपेसही रात्र जागून काढूं, आणि सकाळीं वर्गावर तांबारलेल्या डोळ्यांनीं शिस्तीचें महत्त्व सांगूं.